पाण्याचा गोळा

धाकटी डॉक्टर होती, पण पेशंटशी तिचं बोलणं व्हायचं नाही. ती त्यांच्या स्कॅनचे फोटो वाचायची. वाचण्याआधी स्क्रीनवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. नाव दिसलं की कीव येते आणि कीव आली की नजर चळते, असं तिचं म्हणणं. आज पट्टीचा काय उपयोग? मशीनमध्ये तिची सख्खी ताईच झोपणार होती.

वर्षभरापूर्वी ताईच्या मेंदूतली गाठ किरणांनी जाळली होती. आता त्याच जागी पांढरा ठिपका उगवला होता. किरणांनी भाजल्याची खूण असेल, नाहीतर कॅन्सर परत आला असेल. साध्या फोटोत दोन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणून आज रक्ताचा नकाशा काढायचा होता. कॅन्सर रक्त पितो, तो लाल दिसणार. भाजलेली जागा मेलेली, ती काळी. लाल आलं तर आता हातात फारसे उपाय उरले नव्हते.

“आत मेंदू सापडला तर तुझ्या भावजींना आधी कळव हं,” आत जाताना ताई म्हणाली. “पैज लागलीये आमची.”

धाकटी हसली आणि काचेआड जाऊन बसली. मशीन धडधडू लागलं.

“काळं दिसू दे,” ती पुटपुटली. कुणाला सांगत होती, देव जाणे. “सगळं काळं दिसू दे.”

ठिपका लाल आला. लालभडक.

“मॅडम, लगेच विश्वास ठेवू नका,” टेक्निशियन म्हणाला. “सकाळपासून याचे नखरे चाललेत. गोळा लावून बघू.”

मशीन तपासायला तो रोज पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा आत ठेवायचा. पाण्यात कुठलं आलंय रक्त? नकाशा काळा आला की मशीन ठीक. ताईला बाहेर बसवून त्याने गोळा आत सरकवला.

गोळ्यातही लाल ठिपका आला. त्याच जागी, तेवढाच.

“मशीनच खोटं बोलतंय!” धाकटीने टाळीच वाजवली. तिचा जीव भांड्यात पडला.

टेक्निशियन डोकं खाजवत राहिला. “पण मॅडम, याचा आकार...”

“आकार गेला खड्ड्यात. बंद करून चालू कर आणि ताईला परत घे.”

या खेपेला ठिपका काळा आला. धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग ठिपक्याभोवतालचा भाग आला. तोही काळा.

मग त्यामागचा.

सबंध डोकं काळं.

“झालं का गं?” स्पीकरमधून ताईचा आवाज आला. “गार वाटतंय मला.”

टेक्निशियनने मशीन थांबवलं.

ताई केस बांधत बाहेर आली. “काय हलकं वाटतंय सांगू! डोक्यातला ठणका पार गेला. चल, घरी जाऊ.”

धाकटीने तिचा हात धरला. बोटं सवयीने मनगटावर गेली आणि तिथेच चाचपडत राहिली.

“अगं, सोड की,” ताई हसली.

“मॅडम.” टेक्निशियन दारात उभा होता, दोन्ही हातांत गोळा धरून. “याला जरा हात लावून बघा ना.”

ताईचं मनगट न सोडता तिने दुसरा हात पुढे केला. गोळा कोमट होता. त्यावर टेकलेल्या बोटांखाली नाडी उडत होती.