गुलाबी पाण्याची पेटी

"काचंत नीट हुती पोरं... हिच्या पोटात गेली आन् मेली! खडकावर पेरल्यावानी..."

चंद्राबाई कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. बोलत होत्या त्या आपल्या दुखऱ्या गुडघ्याशी, आणि त्या गुडघ्याला तेल चोळत त्यांची थोरली सून माया बसली होती, अगदी हाताच्या अंतरावर! सासूबाईंची पुटपुट अशीच. नावाला पुटपुट, पण अख्ख्या उंब्रजला ऐकू जावी अशी. मायाचा अंगठा क्षणभर थांबला, आणि मग जरा जास्तच जोरात फिरला.

"आगं आई गं! हाड मोडतीस का काय?"

"न्हाई आत्या. शीर आखडलीया, ती सोडवतीया."

आखडली होती ती दुसरीच शीर... गेलं वर्षभर! पोटात गेली आणि मेली म्हणे. पोटात गेलीच कुठं होती? सांगलीच्या त्या टेस्ट-ट्यूब बाळांच्या दवाखान्यात तिचं आणि ऋषिराजचं बीज काचेच्या बशीत एकत्र आलं, गर्भ धरले. ते ज्या गुलाबी पाण्यावर पोसतात ते पाणी म्हणजे खऱ्या आईच्या पोटात जाईतो त्यांची आईच! लॅबमधले त्याला 'मीडिया' म्हणत. ते पुण्याहून बर्फाच्या पेटीतून यायचं. वाटेत तापलं, तर रंग तोच राहतो, पण आतला कस निघून जातो. त्या खेपेला मायाचे सगळे गर्भ बशीतच थिजले. डॉक्टर हळहळले, म्हणाले, नशीब! आणि बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, तिचा दीर शिवतेज, त्याच दवाखान्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर, तिच्या पायांवर कोसळला होता... "वैनी, पेटी माज्या हातनं तापली!"

ती या घरात आली तेव्हा शिवतेज शेंबूड पुसत शाळेला जाणारा पोर होता. त्याला न्हाऊ तिनं घातलं, पाढे तिनं घोकून घेतले. त्या एका लेकराला वाचवायला तिनं न जन्मलेल्या लेकरांचा कलंक आपल्या कुशीवर घेतला, सासूला सांगितलं की गर्भ पोटात टिकले नाहीत... आणि तिचा फौजी नवरा, सीमेवर छाती काढून उभा राहणारा ऋषिराज, मान खाली घालून एवढंच म्हणाला होता, "आईला काय बी कळाय नगं, माया. ती जगायची न्हाई."

तेलाचे हात धुवायला ती मोरीत वळली, तोच फोन वाजला. साबेरा! मिरजेची साबेरा... त्याच आठवड्यात, त्याच दवाखान्यात, शेजारच्या खाटेवर होती. तिचेही गर्भ बशीतच गेले होते.

"माया, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं गं मला. म्हणत्यात, वांझ बाईला किती दिस पोसायचं?"

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या वाट्याचा विखार ती गिळत आली होती, कारण तो तिनं आपल्या खुशीनं उचलला होता. पण साबेरानं कुणाचा दीर वाचवला होता?

दोघे भाऊ जेवायला बसले. ऋषिराज सुट्टीवर आलेला, शिवतेजची आठवडी सुट्टी. मायानं ताटात वाढायची भाकरी टोपलीत परत आपटली.

"आज सांगायचं. दोघांतल्या कुनीतरी सांगायचं!"

"माया, जेवताना नगं," ऋषिराज पुटपुटला.

"मग कवा? वरीसभर तुमी जेवताय आन् मी शिव्या खातीया!"

"वैनी, पाया पडतो... फलटणची सोयरीक मोडंल. नोकरी जाईल माजी."

"जाऊ दे! साबेराचं घर गेलं, शिवा! त्या आठवड्यात ज्या ज्या बाईनं कपाळ बडवून घेतलं, तिला कळाय पायजे, तिची कूस वांझ न्हवती. उद्या मी दवाखान्यात जाऊन सांगनार. मला कुनी आडवायचं न्हाई!"

"लय तोंड सुटलंय," दारातून चंद्राबाई कडाडल्या. "काय सांगनार हाईस गं? माज्या पोरास्नी दोन घास तरी गोड लागू दे!"

माया गर्रकन वळली. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं... एक वाक्य, आणि म्हातारी उभी चिरली असती! तिनं ते वाक्य दातांखाली धरलं.

"तुमच्या पोरास्नीच इचारा, आत्या."

शिवतेजनं ताट सरकवलं. मान वर न करता बोलू लागला. "आई, वैनीच्या पोटात काय गेलंच न्हाई. बशीतच खराब झालं समदं. पुण्यासनं पेटी मी आनत हुतो. वाटंत लोनंदला गाडी वळवली. गाडीत जागा उरली न्हाई, म्हनून पेटी टपावर बांदली... वैशाखाच्या उनात. बर्फाचं पानी झालं. मग कराडच्या अलीकडं रसवंतीवाल्याकडनं बर्फ घितला, पेटीत भरला, आन् गार करून दवाखान्यात दिली. कुनाला कळलं न्हाई."

रसवंतीचा बर्फ! चुकीवर बर्फ घातला की चूक गार होते, असं या घरातल्या पुरुषांना फार आधीपासून वाटत आलं होतं.

"आरं मुडद्या!" चंद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "वरीसभर मी हिला टोचून खाल्ली, आन् तू भाकऱ्या मोडत बसलास? हायवे सोडून लोनंदला कशाला मराय गेल्तास?"

ऋषिराज ताटाकडे बघत राहिला. शिवतेजनं चोरून वहिनीकडं पाहिलं.

"आसंल कायतरी काम, आत्या," माया घाईनं म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता ते."

"काम?"

...आणि चंद्राबाईंच्या तोंडावरचा राग होता तिथंच विझला. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मायाकडे वळल्या.

"तुला ठावं हुतं?"

मायानं होकाराची मान हलवली.

"आन् तरी गप ऱ्हायलीस?"

"राग आला न्हाई आसं समजू नगा, आत्या," माया म्हणाली. "लय आला. रोज आला. आत्ता बी येतोय!"

चंद्राबाईंनी तिचा हात घट्ट धरला. ऋषिराज उठून पुढं आला, "आई, तू काय बोलू नगंस..."

"गप ऱ्हा! समदी गप ऱ्हायला म्हनून तर ही दशा झाली. उद्या म्या बी येनार दवाखान्यात, आन् तितनं साबेराच्या सासूकडं." त्यांनी शिवतेजकडे बोट केलं. "शिवा लोनंदला आपल्या मनानं न्हाई गेला. वरसाचं कांदं आनाय म्याच फोन केल्ता, आन् इसरून बी गेल्ते. 'पोती आत घाल, ती पेटी-बिटी बांद वर,' ह्ये बी म्याच म्हनलं हुतं... माये, तुजी लेकरं तुज्या कुशीनं न्हाई गं, म्या मारली!"