दुसऱ्या बाजूवरचा 'वा'

या देवघेवीत काकूंना मिळणार होता कपाटातला एक आख्खा खण. अस्तराचे तागे तिथे आरामात उभे राहिले असते. द्यायचं काय, तर नवऱ्यामागे राहिलेल्या रेकॉर्डी. त्यातल्या एकीवर त्याच्या मित्रमंडळींचा डोळा होता. सौदा उघडच काकूंच्या फायद्याचा. शिवाय जमलं तर आणखी एक गोष्ट त्यांना पदरात पाडून घ्यायची होती. हा माणूस दर रविवारी दुपारी आपलं कौतुक कुठे उधळून यायचा, याचं उत्तर.

काकू कपडे शिवत. पूर्वी प्रत्येक शर्टाची कॉलर आधी नवऱ्याच्या हातात जायची. तो टोकं बोटांनी चाचपायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "वा!" मग कधीतरी तो 'वा' बंद झाला. आता तो कॉलर हातात घ्यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा आणि म्हणायचा, "राहू दे." पहिल्या वेळी काकूंनी कॉलर उसवून पुन्हा लावली. पुढे पुढे दाखवणंच सोडलं. सुनेच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. ती त्यांच्याकडेच शिवण शिकत होती, आणि तिच्या वाकड्या टाक्यालाही काकूंकडून 'वा' मिळायचा.

"आज पहिली कॉलर लावतेय, आई," काकू निघताना सूनबाई म्हणाली. "आल्यावर खरं खरं सांगा हं."

"मी कधी खोटं सांगितलंय?"

"तुमचं खरं म्हणजे 'वा'च असतं. पण तेवढ्यावर माझा आठवडा निघतो."

दुकान एका जिन्याखाली होतं. रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्या मालकाला सगळे सुईवाला म्हणत.

"म्हणजे आपण एकाच धंद्यातले की," काकू म्हणाल्या.

सुईवाला हसला. काकूंनी आणलेल्या गठ्ठ्यातून त्याने नेमकी एकच रेकॉर्ड काढली, कडांना धरून उजेडात तिरकी केली आणि मऊ फडक्याने पुसली. चौघांच्या एका रॉक बँडची ही पाचवी रेकॉर्ड. आधीच्या चार घरोघरी वाजल्या. हिला मात्र कुणी विचारलं नाही.

बाकावर दोघं बसले होते. एक दातांचे डॉक्टर. दुसरा पूर्वी रेडिओवर निवेदक होता, म्हणून त्याचं नावच 'रेडिओ' पडलेलं.

"लोक म्हणतात, ड्रमवाल्याचं लक्ष नव्हतं," डॉक्टर काकूंना समजावू लागले. "लोकांना कान आहेत कुठे, वहिनी? दुसऱ्या बाजूवर तो मुद्दाम मागे रेंगाळतो. आणि ते रेंगाळणं म्हणजे इतकं..." त्यांचं तोंड उघडंच राहिलं. शब्दाऐवजी नुसता श्वास आला. त्यांनी अंगठा वर केला.

"तुम्ही पहिली बाजू कायम उडवून लावता!" रेडिओ उसळला. "पहिलं गाणं भिकार, मान्य. पण दुसरं? अहो, दुसरं तर..." त्याचाही श्वासच आला. त्याने मांडीवर थाप मारली.

भांडायला तोंड आणि कौतुकाला अंगठा! काकूंना वाटलं, आमच्या ह्यांना अगदी शोभेशी मंडळी भेटली.

"एकच पथ्य आहे, वहिनी," सुईवाला म्हणाला. "वाजत असताना तोंडातून काही काढायचं नाही. मनात काहीही येऊ दे."

सुई टेकली. थोडी खरखर झाली, मग गिटार. गाणी काकूंच्या डोक्यावरून चालली होती. पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अचानक कुणीतरी म्हणालं, "झकास!"

आवाज डॉक्टरांचा होता. डॉक्टर ओठ मिटून बसले होते. डोळेही मिटलेले, चेहऱ्यावर समाधान.

पुढे "जबरदस्त!" आला, भरदार, घोटीव, थेट स्टुडिओतला. रेडिओने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

काकू व्यवहारी बाई. टेपवर कुणीही आवाज भरू शकतं. पण रेकॉर्डवरच्या खाचा एकदा कोरल्या की कोरल्या. त्यात नवं काही कसं शिरणार?

सुईवाल्याने बाजू पालटली.

शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबली. ड्रमवाला रेंगाळला.

त्या जागेत कुणीतरी घसा खाकरला.

"वा!"

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे... हे यात कुणी भरलं?"

"कुणीच नाही," सुईवाला हलक्या आवाजात म्हणाला. "एका रविवारी ते या बाकावर बसून म्हणाले. पुढच्या रविवारी ते तिथे होतं."

"आणि त्यांच्याकडे काय उरलं?"

डॉक्टरांनी नुसती मान खाली घातली.

म्हणजे हात आखडता नव्हताच. 'वा' उरला असता तर दिलाच असता त्या माणसाने. 'राहू दे' म्हणजे, आहे तशीच राहू दे, उसवू नकोस. इतक्या वर्षांची अढी काकूंच्या मनातून टाक्यामागून टाका सुटत गेली. त्यांना त्या चार परक्या वादकांचे, या बाकाचे, सगळ्या जगाचे आभार मानावेसे वाटले.

गाणं अजून चालू होतं.

"वा," काकू म्हणाल्या.

सुईवाल्याने सुई उचलली, पण उशिराच.

घरी जाताना त्यांची पावलं हलकी होती. रस्ताभर त्या मनातल्या मनात नवऱ्याशी बोलत होत्या. दारात सूनबाई शर्ट घेऊन उभी होती. कॉलर देखणी बसली होती; दोन्ही टोकं सारखी, कुठे चुणी नाही. काकूंनी बोटांनी चाचपली. इतकी सुबक त्यांची स्वतःचीही पहिली कॉलर झाली नव्हती.

"कशी झालीय, आई?"

काकूंनी घसा खाकरला. तोंड उघडलं. श्वास आला.

'छान' म्हणून पाहिलं. पुन्हा श्वासच.

सूनबाईचं हसू ओसरलं. तिने शर्ट काढून घेतला आणि कात्रीकडे हात नेला.

"राहू दे!" काकू घाईने म्हणाल्या. हे मात्र स्वच्छ, ठणठणीत बाहेर पडलं.

सूनबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, शर्टाची घडी घातली आणि कॉलर आत जाईल अशी ठेवून दिली.

मोजदाद करायची तर नवऱ्याने आपला 'वा' दिला आणि काकूंनी आपला. काकूंना रिकामा खण मिळाला, वर नवराही परत मिळाला. किंमत मोजली ती सूनबाईने; तिने ती रेकॉर्ड कधी ऐकलीही नव्हती.