कानामागचं हाड

उमरखेडला मी गेले ती डीएनए तपासणीसाठी हाडाचा नमुना घ्यायला, एवढंच काम. पैनगंगेच्या पुरानं जुन्या कबरस्तानाचा काठ ढासळला आणि कित्येक शतकांपूर्वीच्या एका बाईची कवटी उघडी पडली होती. गावातल्या शहनाजच्या घराण्यात सांगत, आपले पूर्वज समुद्रापलीकडचे, आफ्रिकेतले हबशी, फौजेबरोबर आले. सारा जन्म इथंच जाऊनही तिला लोक विचारत, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तिला एकदाचं खरं उत्तर हवं होतं. त्या बाईशी नातं जुळतं का, हे तपासायला तिनं स्वतःची लाळ दिली. कबरस्तानाच्या कमिटीची परवानगीही तिनंच आणली.

"हाड वापस आनून द्याल ना, मॅडम? तिले नीट दफन कराचं हाये मले."

"देईन," मी म्हटलं.

भर दुपारी शाळेच्या रिकाम्या खोलीचं दार मी लावून घेतलं. अंगभर पांढरा पोशाख, मास्क, दुहेरी हातमोजे. माझा एक कणही त्या हाडात मिसळायला नको होता. शहनाज बाहेर पायरीवर बसली.

कानामागच्या टणक हाडात जुना डीएनए सगळ्यात चांगला टिकतो. तिथं मी बारीक ड्रिल टेकवलं. पांढरी भुकटी पडू लागली. जळक्या हाडाचा वास सवयीचा होता, पण त्यात हळूहळू दुसरा वास भिनला... खारट, भिजल्या दोरखंडाचा. इथून समुद्र कितीतरी लांब.

मी ड्रिल बंद केलं. गुणगुण थांबली नाही.

खोलीतच कुणीतरी बाई गात होती. हळू, बाळाला थोपटावं तसं. शब्द कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नव्हते. मी चारही कोपरे पाहिले. कुणी नव्हतं.

"मॅडम..." दाराआडून शहनाजचा दबका आवाज आला. "माही नानी हेच म्हने. आमच्या घराबाहेर कोनालेच येत नाही हे... तुमाले कोनं शिकवलं?"

मास्कच्या आत माझे ओठ हलत होते.

दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं, तेव्हा कुठं ते गाणं थांबलं.

हाड मी परत नेऊन दिलं. शहनाजनं ते आपल्या हातानं मातीत ठेवलं. पुढे निकालही आला. त्या बाईच्या आईकडचा वंश आफ्रिकेतला, आणि शहनाजचाही तोच. फोनवर ती कितीतरी वेळ रडत होती.

बाकीचं मी तिला सांगितलेलं नाही.

त्या भुकटीत आणखी एका बाईचा डीएनए निघाला. माझा. काम करताना मिसळला असेल, असं मी सगळ्यांना म्हटलं. पण जिवंत माणसाचा डीएनए ताजा, सलग असतो. शतकानुशतकं मातीत पडून राहिलेल्याचे मात्र बारीक तुकडे होतात.

माझाही तसाच निघाला... तुकडे तुकडे झालेला. तिच्याइतकाच जुना.