तांबडा कुसुंब आणि पाचशे अडुसष्ट साक्षीदार

हिरवंगार झाड ठणठणीत आणि लालभडक झाड आजारी. बरोबर की चूक? थांबा, घाई करू नका. भल्याभल्यांनी इथं माती खाल्ली आहे, आणि त्यात एक यंत्रमानवही होता. त्याचीच ही गोष्ट.

साल दोन हजार एकसष्ट. अकोले तालुक्यातल्या आंबेवंगण नावाच्या डोंगरातल्या गावात सकाळची शाळा भरत होती. सहावीतली केतकी उघडे फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थबकली. शाळेच्या अंगणातल्या कुसुंबाच्या बुंध्याला पिवळाजर्द पट्टा गुंडाळलेला होता. त्यावर लिहिलं होतं : ‘तांबेरा रोग. झाड तोडावे. दिनांक २३ मार्च.’

त्या दिवशी तारीख होती एकवीस मार्च. म्हणजे मधे उरला एकच दिवस!

“अगं बाई!” केतकी ओरडली. “आपला कुसुंब आणि आजारी? काल तर चांगला होता!”

कुसुंबाचं झाड तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. मार्चमध्ये त्याला नवी पालवी फुटते ती हिरवी नसतेच. शेंड्यापासून खालपर्यंत सगळं झाड तांबडंलाल होतं, आणि डोंगरावरून येणारी माणसं त्याच्याकडे बघत बघत ठेचकाळतात. आंबेवंगणची सहावी तर मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत त्याच्याच खाली भरायची. आत्ताही सतरा मुलं तिथंच गोळा होऊन पट्ट्याकडे बघत होती.

पट्टा बांधणारा तिथंच उभा होता. तो होता वृक्षतपासणी यंत्रमानव, क्रमांक एकोणचाळीस. गावोगाव फिरून झाडं तपासायची, आजारी झाड शोधायचं, रोग पसरू नये म्हणून तोडायला सांगायचं, हे त्याचं काम. त्याचं डोकं गुळगुळीत आणि चकचकीत होतं, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं होतं. नाव ठेवलं टकल्या. तोंडावर मात्र सगळे ‘टकलेराव’ म्हणत. शेवटी पाहुणा तो पाहुणा.

“टकलेराव, तुमची काहीतरी गफलत झालीय,” केतकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “हे झाड दरवर्षी असंच लाल होतं.”

“मी आजवर नव्वद हजार झाडं तपासली,” टकल्या शांतपणे म्हणाला. “पानं लाल झाली की नव्वद टक्के वेळा तांबेरा असतो. तांबेरा (पानांवर लाल-तपकिरी पूड धरणारा बुरशीचा रोग) वाऱ्यानं पसरतो. म्हणून मी हा निर्णय घेतला.”

“ती नव्वद हजार झाडं कुठली?”

“शहरांतली. रस्त्याच्या कडेची. डोंगरातल्या गावांचं काम आत्ताच सुरू झालंय.”

“त्यांत कुसुंब किती?”

टकल्याच्या डोक्यावरचा निळा दिवा दोनदा लुकलुकला. “एकही नाही.”

बघा! पोरगी कशी नेमकी दुखऱ्या नसेवर बोट ठेवते. जे आपण कधी पाहिलंच नाही, त्यावर निकाल द्यायचा नसतो. पण यंत्रालाही नियम असतात. टकल्या म्हणाला, “सलग दहा वर्षांची लेखी नोंद दाखवा. हे झाड दरवर्षी लाल होतं आणि नंतर निरोगी राहतं, असं सिद्ध झालं तर मी पट्टा काढीन. तोंडी सांगणं चालणार नाही.”

एवढ्यात दिघेबाई आल्या. त्यांनी पट्टा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. “लेखी नोंद?” त्या म्हणाल्या. “कार्यालयात झाडाचा कागद शोधत बसलो तर दोन दिवस शिपायाला शोधण्यातच जातील.”

“बाई,” केतकी हळूच म्हणाली, “ओव्यांची वही?”

आता ही वही काय ते ऐका. एकवीस मार्चला जगभर वन दिन असतो आणि कविता दिनही त्याच दिवशी असतो. बावीस एप्रिलला असतो वसुंधरा दिन. एकतीस वर्षांपूर्वी या शाळेत मधेगुरुजी होते. ते म्हणाले, इतके दिन साजरे करायला आपल्याकडे भाषणं करणारे पाहुणे नाहीत, पण झाड आहे. तेव्हापासून सहावीच्या प्रत्येक मुलानं या दोन दिवशी कुसुंबाखाली बसून एकेक ओवी लिहायची, अशी रीत पडली. ओवी चार ओळींची. पहिल्या दोन ओळी डोळ्यांच्या, म्हणजे आज झाडावर जे दिसतं तेवढंच लिहायचं. पुढच्या दोन ओळी मनाच्या, तिथं काय हवं ते लिहा. गुरुजी गेले, पण रीत राहिली.

केतकीला मनाच्या ओळी काही केल्या सुचत नसत. गेला आठवडाभर ती सराव करत होती आणि तिची ओवी अशी होत होती :

*कुसुंबाला पानं आली, मोजली एका फांदीची,*
*एकशे चार तांबडी, नऊ हिरव्या रंगाची.*

झालं, संपलं! “ही ओवी आहे का पंचनामा?” म्हणून सोपान भांगरे तिला चिडवायचा, आणि अख्खा वर्ग खिदळायचा. तिला मनातून फार वाईट वाटायचं.

बाईंनी कपाटातून वही आणली. एकावर एक शिवलेल्या चार जाड वह्या होत्या त्या. टकल्यानं त्या उघडल्या, भराभरा पानं उलटली आणि म्हणाला, “अमान्य. ही कविता आहे.”

“मग काय बिघडलं?” सोपान म्हणाला.

“कवितेत काहीही लिहितात. हे पाहा, सन दोन हजार तीस.” आणि टकल्या आपल्या सपाट आवाजात वाचू लागला :

*कुसुंब पालवला, शेंड्यापासून लाल,*
*आठ दिवसांमागं उघडी होती डहाळ.*
*बाई मी विचारते, कुणी उधळला गुलाल,*
*झाडाच्या घरामध्ये कुणाचं लगीन काल?*

“झाडाचं लग्न होत नाही. म्हणून हा पुरावा खोटा.”

मुलं हिरमुसली. सोपान तर पार रडकुंडीला आला. पण केतकीचा चेहरा उजळला. ज्या गोष्टीवरून तिला वर्गानं हसून हसून हैराण केलं होतं, नेमकी तीच आता कामाला येणार होती.

“अहो टकलेराव, तुम्ही चारही ओळी एकाच चाळणीत घातल्या! वरच्या दोन ओळी वेगळ्या काढा. खालच्या दोन सोडून द्या. वरच्या दोन ओळींत आमच्याकडे खोटं चालत नाही. तिथं कुणी लग्न लावलं तर गुरुजी पान परत करायचे.”

“म्हणजे पाहिलेलं आणि कल्पिलेलं वेगळं केलेलं आहे?”

“तेच तर सांगतेय मघापासून!”

निळा दिवा आता भरभर लुकलुकू लागला. टकल्यानं पहिल्यापासून वाचायला घेतलं, पण या वेळी फक्त डोळ्यांच्या ओळी. पाचशे अडुसष्ट मुलं, दोन-दोन ओव्या, म्हणजे अकराशे छत्तीस. आपल्याला महिना लागला असता. त्यानं चार मिनिटांत उरकलं.

“एकतीस वर्षांत मार्चमध्ये पानं लाल,” तो म्हणाला. “एकतीसही वर्षांत एप्रिलमध्ये तीच पानं हिरवी. तांबेऱ्याचं पान पुन्हा हिरवं होत नाही. ते वाळून गळतं.”

“मग? काढा पट्टा!”

“एक ओवी जुळत नाही. सन दोन हजार छत्तीस, एकवीस मार्च. अठरा मुलांनी लाल लिहिलं. एकीनं हिरवं लिहिलं. नाव, अनुष्का धादवड.”

सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या. शाळेची खिचडी करणाऱ्या अनुष्कामावशी हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहराही कुसुंबासारखाच लाल झाला होता.

“आता काय लपवायचं,” त्या पदरात तोंड लपवत म्हणाल्या. “त्या दिवशी मी शाळा बुडवून करवंदीच्या जाळीत करवंदं... नाही, करवंदं कुठली मार्चात! मधाचं पोळं शोधायला गेले होते. मग घरी बसून लिहून टाकलं. झाड म्हटलं की हिरवंच असणार, असं वाटलं मला.”

पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. टकल्या मात्र गंभीर होता. “मीही तेच केलं,” तो म्हणाला. “न पाहता लिहिलं.” आणि मुलांनो, चूक कबूल करणारा यंत्रमानव पाहून बाईंना तो एकदम आवडायला लागला.

“पण दिसलं ते का दिसलं, हेही कळायला हवं,” बाई म्हणाल्या. “मावशी, आधण ठेवा!”

मावशींनी पातेल्यात पाणी उकळलं. केतकीनं झाडाखाली पडलेली ताजी तांबडी पानं त्यात टाकली. सगळे पातेल्याभोवती दाटीवाटीनं उभे राहिले. हळूहळू पाणी गुलाबी झालं, मग लाल. बाईंनी चिमट्यानं एक पान बाहेर काढलं. ते फिकट हिरवं झालं होतं!

“आँ!” सोपान म्हणाला. “हिरवा आत लपला होता?”

“हिरव्या रंगाला हरितद्रव्य म्हणतात (पानातला हा पदार्थ उन्हाच्या मदतीनं झाडाचं अन्न तयार करतो),” बाई सांगू लागल्या. “ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पानातच राहिलं. लाल रंग अँथोसायनिनचा (जांभळात, कोकमात असतं तसलं रंगद्रव्य). ते पाण्यात विरघळतं. आता हे पाणी दोन वाट्यांत घ्या आणि एकीत लिंबू पिळा.”

लिंबू पिळताच पाणी आणखी लालभडक झालं. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर पाण्याचा लाल रंग पळाला आणि ते काळपट हिरवं दिसू लागलं. टकल्यानं दोन्ही वाट्यांत आपलं बोट बुडवून मोजमाप घेतलं. “हे रंगद्रव्यच आहे. बुरशी नाही,” तो म्हणाला. “पण झाड हा लाल रंग बनवण्याची मेहनत का घेतं?”

“कोवळं पान नाजूक असतं,” बाई म्हणाल्या. “त्याची अन्न शिजवायची तयारी अजून पुरी झालेली नसते. आणि ऊन तर चैत्राचं, रणरणतं.”

“म्हणजे चूल भडकलीय, पण वर पातेलंच नाही!” अनुष्कामावशी म्हणाल्या. “मग घर नाही का पेटायचं?”

“शाब्बास, मावशी! अगदी तसंच. पान वापरू शकत नाही तेवढं ऊन आत शिरलं तर पानाचं नुकसान होतं. लाल रंगद्रव्य पडद्यासारखं मधे येतं आणि थोडं ऊन आपल्यावर घेतं. लाल पानाकडे किडेही कमी येतात, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. त्यावर अजून अभ्यास चालू आहे. पान जून झालं की पडद्याचं काम संपतं आणि हिरवा रंग वर येतो.”

“आणि कोणत्या महिन्यात पालवी, कधी फूल, कधी पानगळ, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवतात, त्याला काय म्हणतात?” केतकीनं विचारलं.

उत्तर टकल्यानं दिलं. “ऋतुनोंद. मोठमोठ्या संस्थांकडेही एका झाडाची सलग एकतीस वर्षांची नोंद क्वचित असते. तुमच्या शाळेकडे आहे.”

हे ऐकून त्या सतरा पोरांच्या छात्या अशा काही फुगल्या की सदऱ्यांच्या गुंड्यांची काळजी वाटावी. सोपाननं तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, “पंचनामा भारी असतो हां!”

टकल्यानं पिवळा पट्टा सोडला. मग नवा नियम त्यानं बाकीच्या सगळ्या यंत्रमानवांना पाठवला : ‘वसंतातली कोवळी लाल पालवी हा रोग नव्हे. आधी गावातल्या माणसांना विचारा.’ थोड्या वेळानं उत्तरं आली. इतर गावांतल्या एकशे बारा झाडांचे पट्टे निघाले होते. कुसुंबाचे, पिंपळाचे आणि मोहाचेही.

“एक राहिलं,” टकल्या म्हणाला. “प्रत्येक नियमाखाली निरीक्षकाचं नाव लागतं. केतकी उघडे असं लिहू?”

केतकीनं क्षणभर विचार केला. नाव कुणाला नको असतं? पण तिनं मान हलवली. “माझी ओवी अजून वहीत चढलीसुद्धा नाही. ज्यांनी बघितलं त्यांची लिहा. सगळ्यांची.”

“पाचशे अडुसष्ट?”

“हो. आणि मोठ्यानं वाचा. कुणी सुटायला नको.”

टकल्यानं आवाज वाढवला. सगळं गाव ऐकेल एवढा. “सन दोन हजार तीस. सार्थक लहामटे!”

सरपंच सार्थकभाऊ समोरच्या रस्त्यानं फटफटीवरून चालले होते. आपलं नाव ऐकून त्यांनी गचकन ब्रेक मारला. काय चाललंय ते पोरांनी ओरडून सांगितलं, तसे ते अंगणात शिरले आणि शाळकरी पोरासारखा हात वर करून म्हणाले, “हजर!”

मग काय विचारता! शेतातून, ओट्यांवरून, पाणवठ्यावरून माणसं येऊ लागली. “आर्या बांडे!” “हजर!” “अनुष्का धादवड!” “हजर, पण त्या दिवशी नव्हते!” केतकीची आई श्रावणी तर पिठाचे हात घेऊनच धावत आली आणि लेकीशेजारी उभी राहून एवढ्या जोरात “हजर!” म्हणाली की केतकीला हसू आवरेना. जे नोकरीधंद्याला नाशिक-पुण्याला गेले होते, त्यांना कुणी ना कुणी फोन लावत होतं आणि फोनमधून “हजर” ऐकू येत होतं.

“सन दोन हजार पंचेचाळीस. विराज भांगरे!”

विराज म्हणजे सोपानचा चुलता. सात वर्षांपूर्वीच्या पुरात बुडणाऱ्यांना काढता काढता तो गेला होता. टकल्यानं नाव पुन्हा वाचलं. मग विचारलं, “याची नोंद काय करू?”

गर्दीत काठी टेकून सोपानचे आजोबा उभे होते. केतकी त्यांच्याजवळ गेली. तिनं वहीत विराजचं पान काढलं आणि त्याच्या डोळ्यांच्या दोन ओळी त्यांना वाचून दाखवल्या :

*कुसुंब लाल झाला, खालची फांदी राहिली,*
*मी खांद्यावर बसून वरची पानं पाहिली.*

“माझ्याच खांद्यावर,” म्हातारा म्हणाला. “मीच आलो होतो त्याला शाळेत सोडायला.” त्यानं काठी सोडून ताठ उभं राहायचा प्रयत्न केला, मान वर करून त्या लाल झाडाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हजर लिहा!”

टकल्यानं हजर लिहिलं आणि पुढचं नाव वाचलं.