तळ्यात की तळ्याकाठी

मेहकरहून लोणारला येणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावरचा तरुण मांडीवरच्या कागदावर एकच शब्द लिहीत होता, खोडत होता. इन... ऑन... पुन्हा इन. मागून चांगुणाला ते दिसत होतं. ती लोणारच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला राहवेना.

"ॲट असेल कदाचित," ती म्हणाली, आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागली.

तो वळला. "काऊन ॲट?"

"वाक्य वाचल्याशिवाय कसं सांगू?"

त्यानं कागदच मागं दिला.

तो डोणगावचा सहदेव. मुंबईत कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका स्पॅनिश पाद्र्यानं त्याला आपली भाषा शिकवली होती. आता स्पेनचे एक साहेब लोणारच्या विवरातले दगड अभ्यासायला आले होते, आणि त्यांचा अहवाल इंग्रजीत करायचं काम सहदेवकडे आलं होतं. नागपूरच्या कचेरीनं मंजुरी दिली तरच पुढचं खोदकाम; आणि तरच सहदेवची नोकरी.

"स्पॅनिशमध्ये आत, वर, पाशी, सगळ्याले एकच शब्द. एन," तो म्हणाला. "साहेबांनी लिहिलंय, छिद्र 'एन' तळं पाडायचं. आता तळ्यात, की तळ्याकाठी?"

"साहेबांनाच विचारा."

"ते औरंगाबादले गेले. अन् कागद उद्याच्या टपालानं जायला पाहिजे."

"मग जागा पाहून येऊ," चांगुणा सहज बोलून गेली. मग तिच्या लक्षात आलं, आपण 'येऊ' म्हणालो.

संध्याकाळी ती वडिलांना, पुंजाजी आबांना, घेऊन विवरात उतरली. खाऱ्या पाण्याचा उग्र वास, ओरडणारे मोर... उतारावर सहदेवनं हात पुढे केला, आणि पुंजाजींकडे नजर जाताच मागे घेतला. छिद्रांच्या खुणा म्हणून साहेबांनी ठोकलेल्या खुंट्या पाण्यापासून चार हात अलीकडे, कोरड्या मातीत होत्या.

"पान्यात खुंटी कोन ठोकन, बाप्पा!" पुंजाजी हसले.

सहदेवनं गुडघ्यावर कागद ठेवून तिथंच ॲट लिहिलं. तळ्यात छिद्र म्हटलं असतं, तर तराफा कुठून आणायचा म्हणून कचेरीनं नकारच कळवला असता. पंधरवड्यात मंजुरी आली.

त्यानंतर दर रविवारी तो खोदकामाच्या नव्या अहवालाची पानं घेऊन यायचा. ओसरीवर दोघं बसायची. पुंजाजी जरा पलीकडे दोर वळत.

"डिपेंड्स ऑफ नाही, ऑन," ती खोडायची. "आणि साहेबांनी तिसऱ्या पानावर स्वतःच्या लग्नाचं काय लिहिलंय?"

"ते माह्यासाठी हाय. सरावाले."

"मग ऐका. तुम्ही 'मॅरी विथ' लिहिलंय. मॅरीनंतर इंग्रजीत मधे काहीच लागत नाही. थेट माणूस."

"मधे कोणीच नाही?" सहदेवनं हळूच विचारलं.

"इंग्रजीत नाही. आमच्याकडे आबा लागतात."

पलीकडे दोर वळायचं थांबलं. पुंजाजी खाकरले आणि पुन्हा वळू लागले.

थंडी सरता सरता काम संपलं. साहेब मायदेशी निघाले, सहदेवला नागपूरला रुजू व्हायचं होतं. निरोप घ्यायला तो आला तेव्हा हातात कागद नव्हता. चांगुणाला उगीच रिकामं वाटलं.

"एक वाक्य राह्यलं," तो म्हणाला. "सुएन्यो कोंतीगो."

"शब्दाला शब्द सांगा."

"मी... तुमच्यासंग स्वप्न पाहतो."

तिचे कान तापले, पण आवाज शाळेतलाच राहिला. "आय ड्रीम विथ यू? चूक. इंग्रजीत ऑफ. ड्रीम ऑफ यू."

"विथ काऊन नाही?"

"विथ म्हटलं तर... दोघांनाही तेच स्वप्न पडावं लागतं."

"मग?" सहदेवनं विचारलं. उत्तर आता तिनंच द्यायचं होतं. चांगुणानं घराच्या दाराकडे पाहिलं. आबा आत होते, जागे होते, ऐकतही असतील.

"मग विथच राहू द्या," ती म्हणाली. "आणि आत या. आबांना मराठीत सांगा."