कणगीतला नवरा

कॅसलरॉकच्या फलाटावर गाडी उशिरा होती आणि एक तरुण झेरॉक्सची पानं वाचत एकटाच हसत होता. शेजारी बसलेल्या सुमंगलाची नजर पानावरच्या चित्रावर गेली. एक मुलगी घाबऱ्याघुबऱ्या प्रियकराला ढकलत होती...

"आता त्यो कणगीत लपतो, व्हय न्हवं?"

तो दचकला. "घड्याळाच्या कपाटात! पण... तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या गुंद गावात दर जत्रेला हेच नाटक लागतंय. अज्जाच्या अज्जानं लिवलेलं, परशूनं."

त्या तरुणाचं, अनिकेतचं, हसू मावळलं. बेळगावच्या कॉलेजात तो याच फार्सवर प्रबंध लिहीत होता. एकच अंक, १८६२ साली लंडनला छापलेला. पुढे तो बोटीनं मुंबईला आला, छावण्यांतून रंगला आणि शेवटी इथल्या रेल्वेच्या हॉलात साहेबांनी केला. त्या खेळाच्या जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत छापलं होतं : पडदा – परशू. त्यानं हे सगळं तिला सांगितलं.

"म्हंजे चोरलं?" सुमंगलानं विचारलं. "हे छापलासा तर अज्जा गावात मान वर करायचा न्हाई ओ..."

"आधी परशूची वही तरी बघू द्या," तो हळूच म्हणाला.

मग काय, दर रविवारी स्वारी गुंदला हजर! ती वहीतले संवाद नकलांसकट वाचायची, हा उतरवून घ्यायचा... निदान तसं दाखवायचा तरी. कोकम सरबताचा पेला घेताना बोटं लागली की दोघंही अक्षरं शोधू लागत. जीव जडला होता. पण ज्या घराची अब्रू आपल्या लेखणीखाली आहे, तिथं मागणी कुठल्या तोंडानं घालायची? 

पाचव्या रविवारी मात्र तो धावतच आला.

"सुमंगला, लंडनच्या पुस्तकात बाप मुलीचा हात नवऱ्याच्या हाती देतो आणि पडदा पडतो. तिला शेवटी एक शब्द नाही! वहीत ती चार पानं बोलते, नवरा स्वतः निवडते. ती पानं परशूचीच. नाटक साहेबाचं आणि शेवट परशूचा, मी दोन्ही लिहिणार."

ओसरीवरून तिचे आजोबा, महाबळेश्वर अज्जा, खो खो हसले. "लिव की! साहेबाचं नाव बी घाल. पडदा वढायचा आमचा परशू, त्यात लाजायचं काय?"

अनिकेतच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यानं घसा खाकरला. "अज्जा, आणखी एक विचारायचं होतं... सुमंगलाबद्दल—"

"अज्जाला कशाला?" ती लालबुंद होऊन पुढं आली. "मला इचारा की."

त्यानं विचारलं.

"व्हय," सुमंगला म्हणाली.