अठ्ठावन्न किलो

आमच्या सिनेमंडळात 'हा पाहिला नाही' असं कुणी म्हणत नाही. 'पुन्हा पाहायला हवा' असं म्हणतात.

मंडईमागे सिराजभाईंचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्यावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं जमतो: सिराजभाई, बँकेतून निवृत्त झालेले दिगंबरकाका, शाळेत शिकवणाऱ्या सुहासिनी मॅडम आणि मी. जिना लाकडी. मांजर चढलं तरी करकरतो.

त्या रविवारी विषय होता मैनुद्दीन बागवान. धायरीत राहणारा नट. मित्रांनी वर्गणी काढून केलेले, कुठल्याच थिएटरला न लागलेले अकरा सिनेमे. मी त्यातला एक पाहिला होता. मध्यंतरापर्यंत.

"श्याम, त्याचं सगळ्यात चांगलं काम कुठलं रे?" मॅडमनी नेमकं मलाच विचारलं.

खिडकीखाली कुणीतरी कांद्याच्या पोत्याचं वजन करत होतं.

"'अठ्ठावन्न किलो'," मी म्हणालो. असा सिनेमाच नाही. "तो दर रविवारी मंडईत पोत्यांच्या काट्यावर उभा राहतो. दर वेळी वजन कमी भरतं. लोक म्हणतात, वा, बारीक झालात. शेवटी काटा हलतच नाही."

आता हसतील आणि मी सुटेन, असं वाटलं.

"शेवट ताणलाय," दिगंबरकाका म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय! काट्यावर चढण्याआधी तो चपला काढतो, तिथे मला भरून आलं," मॅडम म्हणाल्या.

त्याच्या चपला मी फक्त मनात काढल्या होत्या. बोललो नव्हतो.

पुढच्या रविवारी सिराजभाईंनी एक फोटो दाखवला. फ्रेम करायला आलेला. कुणी दिला ते त्यांना आठवेना. काट्यावर मैनुद्दीन. बाजूला चपला, डावीचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला.

"प्रिंट बरी आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या रविवारी जिना जेमतेम वाजला. दारात मैनुद्दीन बागवान. शर्ट हँगरला अडकवल्यासारखा. त्याने बाहेर चपला काढल्या.

"हा सिनेमा केलेला मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण लोक रस्त्यात अडवून कौतुक करतात. काल स्वारगेटला मशीनवर उभा राहिलो. अकरा किलो. चिठ्ठीवर छापलेलं, लवकरच प्रसिद्ध व्हाल."

कुणी हसलं नाही.

"तुम्ही सगळ्यात आधी पाहिलात म्हणे." तो माझ्याकडे वळला. "बायको रोज रडते हो. शेवटी माझं काय होतं, तेवढं सांगा."

'मी थाप मारली.' एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं. दिगंबरकाका चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मॅडमही.

"शेवट..." मी म्हणालो, "पुन्हा पाहायला हवा."

तो हसला, अगदी सभ्यपणे. "बरं. मग मीही पाहतो."

तो बाहेर पडला.

आम्ही ऐकत राहिलो.

जिना वाजला नाही.

"बघा," दिगंबरकाका म्हणाले. "ताणलाय म्हणालो होतो."

चपला अजून दाराबाहेरच आहेत. दर रविवारी मी माझ्या जरा लांब काढतो. एकदा त्याच्या चपला बाजूला सारायला गेलो होतो, दोन्ही हातांनी.

हलल्या नाहीत.